कार्ड भरून द्या

माझ्याकडे मोबाईलमध्ये गाणी भरायला येणारं गिऱ्हाईक गाण्याचं नाव कधी सांगत नसे. "ते आळंदीवाल्या पोरीचं टाक." "तो मुंबईचा पोरगा, पहिला आला होता बघ, हसरा, त्याचं." "परवा जे म्हटलं अन् समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते." गाण्याचं नाव नाही, गायकाचंही धड नाही, तरी मला कळायचं. मी माऊस फिरवून फोल्डर उघडायचो, गाण्याचे पहिले दहा सेकंद वाजवायचो आणि समोरच्याची मान हलली की फाइल उचलून कार्डात टाकायचो. मान हलण्याचेही प्रकार होते. 'हेच ते' अशी हलणारी वेगळी आणि 'चालेल हेही' अशी हलणारी वेगळी. नऊ वर्षांत तेवढं एक शास्त्र मी शिकलो.

एरंडोलच्या बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर माझी टपरी. आठ बाय सहा. २००७ साली उघडली तेव्हा पेंटरकडून बोर्डावर 'रिचार्ज, दुरुस्ती, डाउनलोडिंग' असं लिहून घेतलं. त्याने 'डाउनलोडिंग'मधला ल खाल्ला. दुसऱ्यांदा रंगाचे पैसे नकोत म्हणून मी तो तसाच राहू दिला, आणि कॉलेजची पोरं पुढे कितीतरी वर्षं मला 'डाउनोडिंगवाले भाऊ' म्हणत राहिली. सुरत-नागपूर हायवे गावाला घासून जातो. त्यामुळे ट्रकवाले, एसटीचे कंडक्टर, कासोदा-उत्राणकडून कामाला आलेले लोक, पद्मालयच्या गणपतीला निघालेले भाविक, असं सगळ्या वाणांचं गिऱ्हाईक. एक जीबीचं कार्ड भरायला वीस रुपये, दोन जीबीला तीस. गाणं चार-पाच एमबीचं धरलं तर दोन जीबीत चारशे गाणी बसत. आता चारशे गाणी नावानिशी मागणारा माणूस कुठून आणायचा? ज्याला त्याला मनापासून हवी असत ती पाच-सहा. बाकीची 'तुझ्या मनाने टाक'. माझा जीव अडकायचा तो त्या पाच-सहांत.

हा धंदा चोरीचा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्यांच्या गळ्यांवर मी नऊ वर्षं मीठ-भाकर खाल्ली, त्यांच्यातल्या एकालाही माझ्याकडून छदाम मिळाला नाही. तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला अख्खी गाइडं छापून देताना वाटत नव्हतं, तसंच. आता वाटतं. पण आता वाटून उपयोग काय?

तर, त्या पाच-सहांत हमखास दोन-तीन गाणी टीव्हीवरच्या स्पर्धांतून पुढे आलेल्यांची असत. हे स्पर्धांचं प्रकरण आमच्या गावात माझ्या टपरीच्या कितीतरी आधी शिरलं होतं. झी टीव्हीवर १९९५ ला 'सारेगम' सुरू झालं, तेव्हा सोनू निगम सूत्रसंचालन करायचा. पण केबल होती दोन-चार घरांत. अँटेनावाल्या बाकीच्यांच्या वाट्याला दूरदर्शन, आणि दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो'. १९९६ ला त्यात लता मंगेशकरांच्या नावाचा करंडक घेऊन गेली ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची सुनिधी चौहान. मी तेव्हा दहा वर्षांचा. आप्पा मला म्हणाले होते, "बघ, तुझ्याएवढी आहे." मी गाण्यातला नव्हतो, तरी मला ते लागलं. पुढे 'मस्त' सिनेमात तिचं पहिलं गाजलेलं गाणं आलं, तेव्हा ते ऐकताना हिच्यामुळे आपण बोलणी खाल्ली होती, एवढंच मला आठवलं.

दुकानाच्या काळात आमच्याकडे वीज दिवसाचे आठ-दहा तास नसे. गाण्याच्या कार्यक्रमाचा शेवटचा भाग आणि भारनियमन यांचा मुहूर्त कुणीतरी पंचांग बघून जुळवल्यासारखा एकच निघायचा. मग ज्यांच्याकडे इन्व्हर्टर त्यांच्या ओट्यावर आळी जमायची. दुसऱ्या दिवशी गाणं मागायला येणाऱ्या निम्म्या लोकांनी ते गाणं पाहिलेलंच नसे. ज्याने पाहिलं त्याने सांगितलेलं असे की असं-असं म्हटली, अशी तान घेतली, परीक्षक उभे राहिले. ऐकीव तानेवर माणसं वीस रुपये टाकत.

ही स्पर्धेतली गाणी टीव्हीवरून उतरवलेली असायची. त्यांच्या शेपटीला टाळ्या, परीक्षकांचं कौतुक, सूत्रधाराचं बोलणं असं सगळं लटकलेलं. मी हौसेने एक सॉफ्टवेअर मिळवलं आणि रात्री बसून त्या शेपट्या छाटल्या. गाणी कशी स्वच्छ, आटोपशीर. चार दिवसांत एक कंडक्टर कार्ड घेऊन परत. "ते बोलणं कुठं गेलं?" म्हटलं, कापलं, गाणं तेवढं ठेवलं. "अहो, ते बोलल्याशिवाय गाणं चांगलं झालं हे कळतं कसं?" मी त्याला शेपटीवालं परत भरून दिलं. त्याला हसलो मी तेव्हा. पण खरं तर तो फार नेमकं बोलला होता. स्पर्धेतलं गाणं असतंच उसनं. लताबाईंचं, आशाबाईंचं, रफींचं, किशोरचं. मूळ गाणं तर आधीच कार्डात आहे. मग हे पुन्हा कशाला हवं? ते हवं असतं त्या शेपटीसाठी. कुणाच्या तरी पोराला भर सभेत शाबासकी मिळाली, ती शाबासकी पुन्हापुन्हा ऐकण्यासाठी.

माझं स्वतःचं आवडतं विचाराल तर हसाल. अभिजीत सावंतचं 'मोहब्बतें लुटाऊंगा'. २००५ च्या मार्चमध्ये पहिल्या 'इंडियन आयडल'चा निकाल लागला तेव्हा मी जळगावला कॉलेजात होतो. अमित साना दुसरा, राहुल वैद्य तिसरा, अभिजीत पहिला. खोलीवर आम्ही चौघे. एकाला अमित आवडायचा, त्याने त्या रात्री जेवण केलं नाही. त्याच वर्षी 'आपका अभिजीत सावंत' नावाचा अल्बम निघाला आणि मी त्याची कॅसेट घेतली. आयुष्यात पैसे मोजून घेतलेल्या गाण्यांपैकी ते एक, हेही इथे नोंदवून ठेवतो. गाणं म्हणून त्यात थोर काही नाही. चाल साधी, शब्द त्याहून साधे, वाद्यं त्या काळच्या कुठल्याही अल्बमात असत तशी. पण त्या आवाजात एक गोष्ट आहे जी नंतर त्याच्याही गाण्यांत मला सापडली नाही. लॉटरी लागलेला माणूस तिकिटावरचा नंबर पुन्हा एकदा बघतो ना, तसा तो गातो. जिंकल्याचा तोरा नाही, 'मीच ना?' असं विचारणं आहे. मुंबईच्या एका मराठी पोराला देशाने फोन करकरून निवडलं, आणि त्याला तो धक्का पचायच्या आत कुणीतरी माइकसमोर उभं केलं. सहा महिने उशिरा ध्वनिमुद्रण झालं असतं तर हे गाणं वाया गेलं असतं असं मला वाटतं. २०२४ ला तो 'बिग बॉस मराठी'त दिसला, शेवटच्या दोघांत पोचला, तेव्हा जुनं एक गिऱ्हाईक रस्त्यात थांबून म्हणालं, "हा तोच ना, ज्याचं तुम्ही न मागता भरायचे?" भरायचो खरा. 'तुझ्या मनाने टाक' म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डात.

पण एरंडोल खऱ्या अर्थाने वेडं झालं ते 'लिटिल चॅम्प्स'च्या वेळी. २००९ चा फेब्रुवारी. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, आर्या आंबेकर, रोहित राऊत. आळंदी, रत्नागिरी, अलिबाग, पुणे, लातूर. म्हणजे कोकण झालं, देश झाला, मराठवाडा झाला आणि खानदेश नेहमीप्रमाणे प्रेक्षकांत. मग आमच्या गावाने कुणाला धरायचं? यावर माझ्या टपरीसमोर आठवडाभर खल चालला. शाळामास्तर आर्याच्या बाजूचे, कारण तिचा स्वर स्वच्छ. कॉलेजची पोरं रोहितची, कारण तो दणक्यात म्हणायचा. मुग्धा सगळ्यांनाच कडेवर घ्यावीशी वाटायची, पण मत देताना माणूस कडेवरच्याला धरत नाही. शेवटी निकाल लावला तो एका माळकरी म्हाताऱ्याने. तो म्हणाला, "आळंदी म्हणजे कोण? ज्ञानोबा. ज्ञानोबाची बहीण कुठं आहे? आपल्या जिल्ह्यात. मग ही पोर मुक्ताबाईच्या माहेरची झाली. माहेरच्या माणसाला मत नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?" यापुढे बोलायला जागाच नव्हती. मुक्ताईनगरच्या वारीला जाणारी निम्मी माणसं त्या दिवशी दहा-दहाचं रिचार्ज मारून गेली.

तोच म्हातारा दुसऱ्या दिवशी फोन घेऊन आला. मेसेज गेला का बघ म्हणाला. मी पाठवलेले मेसेज उघडले. मत गेलं होतं, पण स्पर्धेच्या नंबरावर नाही, थेट त्याच्या धुळ्याच्या जावयाला. एकदा नाही, सात वेळा. जावयाचा उलट मेसेज पडला होता, 'मामा, कार्तिकी कोण?' कार्तिकी जिंकली ती या सात मतांविनाच. निकालानंतर आठ दिवस मी तिची 'घागर घेऊन' ही गवळण सोडून दुसरं काही कॉपी केलं असेल तर शपथ. म्हाताऱ्याने मात्र कार्ड भरून घेताना एक गोष्ट बजावली, "टाळ्या कापू नको."

लहान पोराला सभेत उभं करायचं, मोठ्यांनी पारख करायची आणि नाव देऊन पाठवायचं, ही रीत टीव्हीने आणली असं आपण समजतो. आमच्या शेजारी, पंधरा-वीस मिनिटांवर, धरणगाव आहे. तिथे जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात उभा राहिला आणि कविता म्हणाला. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर. त्यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. खानदेशचा पहिला लिटिल चॅम्प म्हणायचा तर हाच. पदवी देताना कीर्तिकरांना कल्पना नसावी की हे 'बाल' त्या माणसाला आयुष्यभर पुरणार आहे. १९१८ ला भादलीच्या स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला तेव्हा अठ्ठावीसही पुरे नव्हते, त्यामुळे नाव बदलायची वेळच आली नाही. पण नुसत्या त्या टाळ्यांवर तो टिकला का? आज कुणा पोराला त्या संमेलनाचं विचारा, सांगता येणार नाही. 'औदुंबर' मात्र शाळेत गेलेला प्रत्येकजण ओळखतो.

गाण्यातही मी हेच पाहत होतो, फक्त काउंटरच्या या बाजूने. स्पर्धेत पोरांना नाव मिळतं, गाणं मिळत नाही. मग बरीच वर्षं जातात. ज्यांना पुढे स्वतःचं गाणं सापडतं त्यांचं नाव लोकांच्या तोंडून हळूहळू गळून जातं. आणि माझ्या हिशेबाने तेव्हा ते जिंकलेले असतात.

बेला शेंडेचं बघा. हिंदी 'सारेगम' जिंकलेली पुण्याची मुलगी. २०१० च्या पहिल्याच दिवशी 'नटरंग' लागला आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे रांग. "बारा वाजल्याचं टाक." बस, एवढंच. आमचा भाग तमाशाचा, जत्रेत फड आला नाही तर पोरंसोरं रुसतात. 'वाजले की बारा' ऐकून मला एक वयस्कर गिऱ्हाईक म्हणालं होतं, "ही फडावरचीच बाई असणार, शिकलेली एवढी खटकेबाज म्हणत नाही." मी सांगितलं की बाबा, ही टीव्हीवरच्या स्पर्धेत पहिली आलेली. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला. त्या गाण्याला टाळ्यांची शेपटी नव्हती, आणि ती कुणी मागितलीही नाही.

श्रेया घोषालची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. 'सारेगम'मध्ये ती गात होती, संजय लीला भन्साळींच्या आईने ते पाहिलं, मुलाला हाक मारली, आणि २००२ च्या 'देवदास'ने ती देशभर झाली. पण आमच्या गावात ती गोष्ट कुणी सांगत नसे. तिथे ती 'जोगवा'मधलं 'जीव रंगला' म्हणणारी होती. तिथेही नाव कमी, जास्त 'ते जोगतिणीच्या सिनेमातलं'. या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तिला आणि हरिहरनला दोघांना. बंगाली मुलीने म्हटलंय असं सांगितलं की बायका मान्यच करत नसत. "बंगालीला एवढं मराठी कसं यायचं?" भाषा इतकी मुरलेली की गाणारी कुठली, हा प्रश्नच पडू नये.

अरिजित सिंगचा हिशेब तर उलटाच. २००५ च्या 'फेम गुरुकुल'मधून त्याला लोकांनी मतं न देऊन घरी पाठवलं होतं. त्यात आमच्या गावचीही न दिलेली मतं असतीलच. २०१३ ला 'आशिकी २' आला. तेव्हा पाठीवर सॅक, पुण्याच्या गाडीला वेळ, आणि टपरीवर येऊन हळू आवाजात 'तुम ही हो' मागणारी पोरं मी रोज बघायचो. हळू आवाजात का, ते सांगायला नको. एकालाही ठाऊक नव्हतं की आपण याला कधीकाळी बाहेर काढलेलं आहे. नेहा कक्करसुद्धा 'इंडियन आयडल'मधून लवकर बाहेर पडलेली आणि पुढे तिथेच परीक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसलेली. तिची नाचाची गाणी मी वरातींसाठी गाडीभर भरली. आवडली म्हणाल तर एकही नाही. चव आपली आपली.

आणि वैशाली. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटची वैशाली भैसने-माडे. आधी मराठी 'सारेगमप' जिंकली, मग २००९ ला हिंदी. विदर्भाची असली तरी आमच्याकडे तिला आपली मानायचे, कारण पुण्या-मुंबईची नाही एवढं पुरेसं असतं. तिच्यासाठी माझ्या टपरीवरून गेलेली रिचार्जं मला आठवतात. पुढे 'बाजीराव मस्तानी' आला आणि 'पिंगा' गाजलं. दोन आवाज, एक श्रेयाचा, एक वैशालीचा. दोघीही टीव्हीच्या मंडपातून आलेल्या, आणि आता पडद्यावर दोन हिरॉइनींच्या गळ्यांत बसलेल्या. मागणारे काय म्हणत? "दीपिका-प्रियांकाचं टाक." एका गिऱ्हाइकाला, जो वैशालीसाठी हिरिरीने मेसेज करायचा, मी म्हटलं, यात तुमची हिंगणघाटवाली आहे. तो दोन मिनिटं ऐकत राहिला. "कोणती यातली?" ते मलाही पहिल्या झटक्यात ओळखता आलं नाही. मग तो म्हणाला, "असू दे. पैसे वाया नाही गेले म्हणजे."

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला होता. एका दिवाळीत त्याने माझं हे तत्त्वज्ञान ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, हे जगभर असंच आहे." मग त्याने इंग्रजी नावं काढली. अमेरिकेच्या 'आयडल'मध्ये जेनिफर हडसन सातवी आली होती, तिला पुढे ऑस्कर मिळालं. इंग्लंडच्या एका स्पर्धेत वन डायरेक्शन नावाची पोरं तिसरी आली आणि सगळ्या पृथ्वीवरच्या पोरी त्यांच्यामागे. केली क्लार्कसन अमेरिकेच्या 'आयडल'ची पहिली विजेती, ती मात्र जिंकूनही टिकली. तिचं एक गाणं त्याने ऐकवलं. मला शब्द कळले नाहीत, पण बाई कुणावर तरी चिडलेली आहे आणि चिडून मोकळी झाली आहे, एवढं कळलं. मी ते फोल्डरात ठेवून घेतलं. एरंडोलात ते कुणी मागितलं नाही. कुणी 'तुझ्या मनाने टाक' म्हटलं तर मी अधूनमधून सोडायचो. कासोद्याच्या कुठल्या तरी मळ्यात पंप चालू असताना केली क्लार्कसन ओरडली असेल, या विचाराने मला आजही हसू येतं.

२०१६ च्या एप्रिलात 'सैराट' आला. धंद्याचा तो शेवटचा हंगाम, पण तेव्हा काही तसं वाटलं नव्हतं. 'आताच बया का बावरलं' मी किती कार्डांत टाकलं याचा हिशेब नाही. सप्टेंबरात जिओ आलं आणि दिवाळीपर्यंत कार्ड रीडरवर धूळ. ज्याला जे हवं ते फोनमध्येच मिळायला लागलं. आता त्याच टपरीत मी पीकविम्याचे अर्ज भरून देतो, काचा बदलून देतो. पोरांच्या फोनवर अहिराणी गाणी वाजत असतात, 'हाई झुमका वाली पोर', 'केसावर फुगे'. कोटी-कोटींनी बघितलेली. ती म्हणणारी पोरं कुठल्या मंडपात उभी राहिली नाहीत, कुणी त्यांना गुण दिले नाहीत, कुणी मेसेज मागितले नाहीत. शेतात कॅमेरा लावला आणि म्हटलं. इतकी वर्षं प्रेक्षकांत बसलेला खानदेश असा मागच्या दाराने मंचावर आला. चांगलं झालं. सगळी गाणी मला आवडतात असं नाही, पण हायवेच्या ढाब्यावर पंजाबी ड्रायव्हर अहिराणी गुणगुणताना बघितला की शेवभाजी अंमळ जास्त चवदार लागते.

एक गाणं सांगायचं राहिलं.

२०११ चा उन्हाळा होता, आखाजी होऊन चार-पाच दिवस झालेले. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते, आणि बायका झोक्यावर गाणी म्हणतात. एक काकू फोन घेऊन टपरीवर आल्या. साधा नोकिया, बटणांवरचे आकडे पुसलेले. त्यात त्यांनी आपल्या नणंदेचं गाणं रेकॉर्ड केलं होतं. नणंद सुरतेला दिली होती, आखाजीपुरती आलेली, आता परत गेलेली. ते गाणं कार्डात टाकायचं होतं, कारण रेकॉर्डरमधलं पुसलं जाईल ही भीती.

मी वाजवून बघितलं. फोनचा रेकॉर्डर एका मिनिटाला थांबायचा, त्यामुळे गाणं दोन तुकड्यांत होतं आणि मधली एक ओळ हरवली होती. आवाज चांगला होता का? सुरेल होता. परीक्षकांसमोर टिकला असता का, सांगता येत नाही. झोका वर गेला की आवाज बारीक व्हायचा, खाली आला की भरायचा, आणि जमिनीजवळून जाताना पायाचा रेटा देताना एक अक्षर गिळलं जायचं. दोरखंड फांदीवर करकरत होता, तोच ताल. मागे कुणी पोर रडत होतं, कुणी तरी "सांजोऱ्या खाली ठेव" असं ओरडलं. मी सवयीने सॉफ्टवेअर उघडलं, शेपटी छाटायला. मग बंद केलं. दोन तुकडे जोडले, फाइलीची जात बदलून ती कार्डात वाजेल अशी केली आणि विचारलं, कुठं टाकू?

काकू म्हणाल्या, "श्रेयानं अन् वैशालीनं गानास्ना मझार टाकी दे."

एका बाजूला 'जीव रंगला', दुसऱ्या बाजूला 'कुलवधू' मालिकेचं शीर्षकगीत, मध्ये सुरतेची नणंद. म्हटलं, "काकू, नाव काय देऊ?"

"नाव कसाले देस? बठ्ठास्ले मालूम शे."

संगणक मात्र नावाशिवाय फाइल ठेवून घेत नाही. मी 'आखाजी १' असं लिहिलं. ती माझ्या फोल्डरातही राहिली, आणि 'तुझ्या मनाने टाक'वाल्यांसाठी मी अख्खं फोल्डर उचलून टाकायचो, त्यामुळे कळत-नकळत ती कार्डाकार्डांतून गावाबाहेर पडली. ही पण चोरीच, पण हिच्याबद्दल मला अजून वाईट वाटलेलं नाही.

वर्षभराने असेल, रिंगणगावचा एक ट्रॅक्टरवाला आला. नवं कार्ड, चार जीबीचं. "भो, जुनं कार्ड पान्यामा पडनं. बाकी काही बी टाक, पन ते झोकावालं गानं पाहिजेच." मला पहिल्यांदा कळलंच नाही. त्याने मग तोंडाने दोरखंडाचा करकर आवाज काढून दाखवला. मी पहिले दहा सेकंद वाजवले. त्याची मान हलली, 'हेच ते' अशी.

"हाई बाई कोन्या कार्यक्रममधली शे?" त्याने विचारलं.

"आपलीच शे. एरंडोलनी."

"आपली? मंग सांगानं व्हतं ना, भो. बठ्ठा गाव मेसेज करता." तो खरंच हळहळला. पैसे काढता काढता थांबून म्हणाला, "पहिली उनी का ती?"

मी कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं.

"नई. आखाजीले उनी व्हती."